मास्तरचा पाय

प्रताप नगरच्या गल्लीत कौशल्याबाई गाडी शिकायला निघाल्या तेव्हा पहिला सल्ला भाजीवाल्यानं दिला. "काकू, या वयात स्टेअरिंग? गुडघे सांभाळा." कौशल्याबाईंनी पिशवी पुढं केली आणि म्हणाल्या, "गुडघे माहे, गाडी माही. तू भेंड्या तोल."

अशा होत्या त्या. पंचावन्नी उलटलेली, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. माहेर कोंढाळीच्या अलीकडचं, शेतकऱ्याचं घर. नवरा मनोहरराव हिंगण्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होता. सकाळी कंपनीची बस चौकात यायची, संध्याकाळी आणून सोडायची, आणि कौशल्याबाईंचा संसार त्या बसच्या वेळेवर चालायचा. डबा बसच्या आधी, चहा बसच्या नंतर, दुखणीखुपणी सुट्टीच्या दिवशी.

निवृत्तीच्या तोंडावर मनोहररावांनी गाडी घेतली. पांढरी, लहानशी. हार घातला, नारळ फोडला, सगळे बसले. पुढं मनोहरराव आणि मुलगा ऋषी, मागं कौशल्याबाई. ऋषी पुण्याला नोकरीला गेला तेव्हा वाटलं, आता तरी बाई पुढं येईल. छे! त्याच्या जागी पिशव्या बसायला लागल्या. बाईमाणसानं मागं बसायचं असं कोणी म्हटलं नव्हतं, पण पुढं ये असंही कोणी म्हटलं नाही. त्याही बसत राहिल्या.

मग मनोहररावांना काचबिंदू झाला. समोरचं धूसर, बाजूचं तर गेलंच. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं आणि चावी खिळ्यावर गेली.

त्यानंतर एका दुपारी कौशल्याबाईंच्या भावाचा गावाहून फोन आला. मायची तब्येत बिघडली, तुलेच विचारून राहिली, लवकर ये. कौशल्याबाईंनी दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि टॅक्सी पाहते म्हणाल्या. मनोहरराव म्हणाले, "गाडी दारात असताना टॅक्सी कायले वं? रोशनले फोन केला मी. दहा मिनिटात येऊन राहिला तो." रोशन म्हणजे शेजारचा. वाडीच्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि अडीनडीला यांची गाडी चालवून द्यायचा.

रोशन निघाला होता, खोटं नाही. पण वाडीला ट्रकांची ही लांब रांग लागली होती आणि तो तिच्यात अडकला. फोन केला की म्हणायचा, "बस काकू, दहा मिनिटं." तेवढ्यासाठी टॅक्सी कशाला, असं म्हणत म्हणत उन्हं उतरली, तेव्हा तो आला. गाव तासाभराच्या रस्त्यावर. पोचल्या तेव्हा अंगणात बाया बसल्या होत्या. भावजय गळ्यात पडून म्हणाली, "कौशी आली का, कौशी आली का, शेवटपर्यंत हेच चालू होतं वं त्याईचं."

कौशल्याबाई तिथं पोटभर रडल्या. घरी आल्यावर मात्र त्यांचा नुसता संताप संताप व्हायचा. गाडी दारात, चावी खिळ्यावर आणि आपण पिशवी घेऊन ओट्यावर! दोष रोशनचा नव्हता, ट्रकांचाही नव्हता. आपल्याला गाडी येत नव्हती म्हणून माय वाट पाहत गेली, हे त्यांनी स्वतःला स्वच्छ सांगून टाकलं. पुन्हा अशी कोणाच्या दहा मिनिटांवर बसणार नाही. तेरवी आटोपली आणि त्यांनी शिकाऊ लायसन्स काढलं.

घरात कोणालाच हे पटलं नाही. ऋषी पुण्याहून म्हणाला, "आई, टॅक्सी आता फोनवर येते. गाडी उगाच सडून राहिली. मी गिऱ्हाईकही पाहून ठेवलं." मनोहररावांना वेगळीच काळजी. "पुढं तर नेशीन तू. मागं कोण घेईन? बायकाले रिव्हर्स जमत नसते."

"ठरवून टाका मंग," कौशल्याबाई म्हणाल्या. "परीक्षेत पास झाली तर गाडी राहीन अन् मी चालवीन. नापास झाली तर विका. तोंडातून ब्र काढणार नाई मी." शब्द कोणी मागितला नव्हता. त्यांनीच देऊन टाकला.

चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गोलू मास्तर शिकवायचा. मास्तर म्हणजे तिशीतला पोट्टा, तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "टेन्शन नका घेऊ काकू, मी हाव ना." गाडी सरळ चालवणं कौशल्याबाईंना लवकर जमलं. आणि साइड पार्किंग? ते तर पहिल्याच दिवशी जमलं, बोला! दोन ड्रमांच्या मधल्या जागेत, फुटपाथला लागून, गाडी मागं घेत घेत आत सरकवायची. याच्यात भल्याभल्यांना घाम फुटतो आणि लायसन्सच्या परीक्षेत लोक इथंच गचकतात. कौशल्याबाई आरशात पाहायच्या, चाक फिरवायच्या, पाय ब्रेकवर ठेवायच्या, आणि मागचा ड्रम जवळ आला की गाडी कशी अलगद थांबायची. घरी येऊन त्या नवऱ्याला ऐकवायच्या, "रिव्हर्स जमत नसते ना बायकाले? या एकदा पाहायले." ज्या माणसाला दिसत नाही त्याला पाहायला बोलवायचं, इतका जोर चढला होता.

एके सकाळी पार्किंग चालू असताना गोलूनं आपलं दार उघडलं, बाहेर वाकला आणि खर्रा थुंकला. तेवढ्यात गाडी धाडकन मागच्या ड्रमवर जाऊन आदळली.

"काहून गा? आज थांबली काहून नाई?"

"तुमचा पाय अजून कच्चा आहे काकू."

कौशल्याबाईंनी वाकून खाली पाहिलं. गोलूच्या पायाशीसुद्धा पेडल होते. त्या लोखंडी पट्ट्यांना त्या इतके दिवस मास्तरची पाय टेकायची जागा समजत होत्या. शिकवणीच्या गाडीत दोन्हीकडं ब्रेक असतो, तिकडून दाबला की इकडचाही खाली जातो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ब्रेक खाली जायचा, वर त्यांचा पाय असायचा, आणि त्यांना वाटायचं आपणच दाबला.

"चोट्ट्या!" कौशल्याबाई कडाडल्या. "म्हणजे इतके दिवस गाडी तू चालवून राहिला. मी काय स्टेअरिंग पुसून राहिली?"

"सगळ्या लेडीजचं असंच असते जी," गोलू जराही न लाजता म्हणाला. "परीक्षेतही मी बाजूले बसतो. आजपर्यंत आपली एक लेडीज नापास नाई."

"पाय वर घे."

"काकू, गाडीचं नुकसान होईन."

"वर घे म्हणते ना!"

घेतला त्यानं वर. पण ड्रम जवळ आला की पाय आपला पुन्हा खाली. वर्षानुवर्षांची सवय, आणि गाडी त्याच्या मालकाची. कौशल्याबाईंनी धाक घातला, शपथा घातल्या, एकदा तर पाठीवर छत्री मारली. परीक्षेच्या सकाळी त्यांनी त्याला बजावून सांगितलं, "आज चुकली तर चुकू दे मले. पण पाय लावशीन तर पाह्यजो." गोलूनं कानाला हात लावून कबूल केलं.

आरटीओच्या ट्रॅकवर उन्हात गाड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर मॅडम तरणीच होत्या. डोक्याला दुपट्टा, हातात पॅड, आणि चेहऱ्यावर हसू नावाला नाही. आठाचा आकडा झाला, चढाव झाला. शेवटी शंकूंच्या मधली पार्किंग आली. कौशल्याबाईंनी गाडी पुढच्या शंकूशी नेली, चाक फिरवलं आणि मागं घ्यायला लागल्या. आरशात लाल शंकू मोठा मोठा होत गेला. आता, आता, म्हणत त्यांनी पायात जोर आणला, आणि त्यांनी दाबायच्या आधीच ब्रेक खाली गेला. गाडी थांबली. शंकू वीतभर मागं.

मॅडमनं पॅडवर खूण केली. "पास. पुढची गाडी घ्या."

कौशल्याबाईंनी मान वळवली. "लावला ना?"

"चला ना काकू, मॅडमनं पास केलं."

"लावला का नाई?"

"लागून गेला जी."

कौशल्याबाईंनी स्टेअरिंगवर थाप मारली. मी थांबवली असती. किंवा नसती थांबवली, शंकू पाडला असता. काय झालं असतं हे आता कोणालाच कळणार नव्हतं, खुद्द त्यांनासुद्धा नाही. घरी जाऊन चावी खिळ्यावरून काढायची ती कशाच्या जोरावर? त्या खाली उतरल्या, दार आपटलं आणि थेट मॅडमपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, मले नापास करा."

"काय झालं काकू?"

"गाडी मी थांबवली नाई, या पोट्ट्याच्या पायानं थांबवली. ते पास खोडा अन् माही एकटीची परीक्षा घ्या."

रांगेत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "बाप्पा! लोक पास करा म्हणून पाया पडते, अन् हे बाई पाहा." मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नापास लिहिलं तर आज पुन्हा घेता येणार नाही. आठवड्यानं यावं लागेल. विचार करा."

ऋषीचं गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी गाडी पाहायला येणार होतं. शब्द आपणच देऊन बसलो होतो. गप्प राहिलं तर गाडी आपली, बोललं तर गेली. त्यांनी पदर खोचला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "उद्या कोणाचा फोन आला अन् मी एकटी गाडी घेऊन निघाली, तर याचा पाय कुठून आणू मी? लिहा तुम्ही."

मॅडमनं लिहिलं. मग गोलूकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही थांबा. तुमच्याशी बोलायचं आहे मला." गोलूनं तोंडातला खर्रा तिथल्या तिथं गिळला.

कौशल्याबाई घरी पोचल्या तर गिऱ्हाईक आधीच आलेलं. नवरा-बायको गाडीभोवती फिरून टायर दाबून पाहत होते. ऋषीचा फोन स्पीकरवर चालू होता. मनोहररावांनी विचारलं, "काय झालं वं?"

"नापास."

फोनमधून ऋषी म्हणाला, "वाईट नको वाटून घेऊ आई. ठरलं होतं तसं आता..."

"हाव, ठरलं होतं तसं. विका!" त्यांनी खिळ्यावरची चावी ओढली आणि टेबलावर आपटली. "पण हिले जमलं नाई असं लोकाईले सांगू नका. मले जमते का नाई ते पाहूच देलं नाई त्या चोट्ट्यानं!" आणि त्यांना रडू फुटलं. रडत रडत, मध्येच गोलूला शिव्या देत, त्यांनी सगळं सांगितलं. गिऱ्हाइकाची बायको टायर सोडून ऐकत उभी राहिली.

मनोहररावांनी विचारलं, "मॅडमनं पास लिहिलं होतं?"

"हाव."

"अन् तू खोडायले लावलं?"

"हाव. मंग काय करू?"

आयुष्यभर माल तपासलेला माणूस. फुटका नग पास करा म्हणून त्यांच्यावर वरून किती दडपण यायचं आणि ते घरी येऊन कसे जेवायचे नाहीत, हे कौशल्याबाईंनी पाहिलं होतं. मनोहरराव चाचपडत उठले आणि गिऱ्हाइकाला हात जोडले. दिसत नसल्यामुळं ते तुळशीच्या कुंडीला जोडले गेले, पण भावना पोचली. "माफ करा. गाडी आज विकायची नाई."

"बाबा! ठरलं होतं ना?" ऋषी ओरडला.

"ठरलं होतं ते हिच्या परीक्षेचं. आज परीक्षा झाली मास्तरच्या पायाची, अन् तो नापास झाला. हिची व्हायची आहे अजून."

"आणि आठवड्यानं पण नापास झाली तर?"

कौशल्याबाईंनी डोळे पुसले. "तर चावी मी स्वतः यांच्या हातात देईन." गिऱ्हाइकाची बायको म्हणाली, "आम्ही थांबतो ना काकू." नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही तिनं.

मग वाडीच्या पलीकडं प्लॉट पाडलेल्या एका रिकाम्या लेआउटवर रोज सकाळी त्यांचा सराव सुरू झाला. नियमानं लायसन्सवाला बाजूला हवा म्हणून पुढं रोशन बसायचा. या गाडीत दुसरे पेडल नव्हते, तरी कौशल्याबाईंचा आता कोणाच्याच पायावर भरवसा राहिला नव्हता. त्यांनी त्याला सीटवर मांडी घालून बसायला लावलं. उंचापुरा रोशन गुडघे दाराला टेकवून, पूजेला बसल्यासारखा बसून राहायचा. त्या दुपारचं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. कधी बोलला नाही, पण हाक मारली की यायचा.

मनोहरराव मागं बसायचे. दिसायचं काही नाही, तरी इंजिनचा आवाज ऐकून बोलल्याशिवाय राहवायचं नाही. "क्लच सोडून राहिली तू." "घाई कायची आहे वं?" कौशल्याबाई म्हणायच्या, "तुम्ही गप बसा जी, मागं बसणारानं बोलायचं नसते." आणि ड्रम आडवा करायच्या. पहिले दोन दिवस त्यांनी इतक्यांदा ड्रम पाडला की त्याचा पार चेंदामेंदा झाला. बंपरला खरचटलं. समोरच्या प्लॉटवरचे मिस्त्री काम सोडून मजा पाहायला लागले. रोशन हळूच म्हणाला, "काकू, आजचं राहू द्या."

"तू राहू दे. मी नाई राहू देत."

रडल्या नाहीत. चिडल्या, खाली उतरल्या, ड्रम स्वतः उभा केला, पुन्हा बसल्या. गोलूच्या पायानं त्यांच्या पायाला आयतं खायची सवय लावली होती, ती मोडायची होती. मग एका सकाळी आरशात ड्रम जवळ आला, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. त्यांनी रोशनच्या मांडीकडं पाहिलं. मांडी जागेवर होती. "मीच थांबवली," त्या म्हणाल्या, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा करून पाहिलं, आणि पुन्हा.

आठवड्यानं त्या स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर गेल्या. मॅडमनं ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. रोशनला उतरायला सांगितलं, मनोहररावांना सावलीत बसवलं आणि म्हणाल्या, "आज बाजूला मी बसते."

"तुमच्याकडं पेडल नाई ना मॅडम?"

"गाडी तुमची आहे काकू. बघा."

कौशल्याबाईंनी खरंच वाकून पाहिलं. "हाव. बसा मंग."

पार्किंगपर्यंत सगळं नीट झालं. तिथं मात्र चाक थोडं उशिरा फिरलं आणि गाडी तिरपी आत शिरली. मागचा शंकू आरशात आला. ब्रेक. थांबली. पण अशी तिरपी चालत नाही, हे त्यांना कळत होतं. पुढं घेऊन सरळ करायची, पुन्हा मागं. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी बंद पडली. मागं रांगेतल्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला केला. कोणी ओरडलं, "अवो काकू, उतरा आता, आमचाही नंबर येऊ द्या!"

कौशल्याबाईंनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. "थांबा! मी अख्खं आयुष्य थांबली, तुमच्यानं दोन मिनिटं थांबवत नाई?"

हॉर्न बंद झाले. काच वर केली. गाडी सुरू केली, पुढं घेतली, चाक सरळ केलं, मागं घेतली. हळू, आणखी हळू. पाय खाली गेला आणि गाडी दोन शंकूंच्या मध्ये, पांढऱ्या पट्टीला लागून उभी राहिली. मॅडम उतरल्या, गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या.

"पास."

"तुम्ही काही केलं नाई ना मॅडम?"

"मी कुठं काय करणार? मी नुसती बसले होते." तेव्हा कुठं मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मनोहररावांना सावलीतून उठवून कौशल्याबाईंनी मागच्या सीटवर बसवलं, रोशन पुढं बसला. त्यानं सवयीनं मांडी घालायला घेतली तर म्हणाल्या, "राहू दे आता. पाय खाली सोड." गाडी रस्त्याला लागली आणि पर्समधला फोन वाजायला लागला. कौशल्याबाईंनी पर्स तशीच मागं सरकवली. मनोहररावांनी चाचपडून फोन काढला, कानाला लावून 'हॅलो' म्हटलं.

"बाबा, काय झालं? गिऱ्हाईक विचारून राहिलं. आईले द्या फोन."

"तिले नाई देता येत. तुही माय गाडी चालवून राहिली."

ऋषीनं विचारलं, "कुठं चालले तुम्ही?"

"ते तिले माहीत," मनोहरराव म्हणाले. "मी मागं बसलो आहो."